दहाची किल्ली

मुलाची आई खुर्चीवर बसली. तिच्याबरोबर आलेला म्हातारा मात्र जिन्यावरच थांबला.

"त्यांनाही आत बोलवा की," वहिनी म्हणाल्या.

"आधी माझं ऐकून घ्या. त्यांच्यासमोर मला बोलायचं नाही." आईच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. "माझा मुलगा कोठडीत आहे. परवा त्याला कोर्टात उभा करतील. आणि खऱ्या खुन्याला वाचवणारा माणूस तुमच्या जिन्यावर उभा आहे."

भावजींनी दाराकडे झेप घ्यायची तयारी केली. पण म्हातारा काही पळाला नाही. टोपी हातात धरून, खाली मान घालून उभा राहिला.

वहिनींनी उभं आयुष्य कोर्टात साक्षी टिपून घेतल्या होत्या. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठे अडखळतो हे त्यांच्या कानाला आधी कळायचं. निवृत्त झाल्यावर लोक आपापला गुंता घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे, कारण त्यांचे दीर दिवसभर याच नावाने हाका मारत. हे दीर म्हणजे भावजी. औषधाच्या दुकानात पुड्या बांधण्यात त्यांची हयात गेली होती. प्रत्येक प्रकरणात ते वहिनींबरोबर जात, पिशवी धरत आणि पहिल्या तासाभरात भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे होत.

आईने हकीकत सांगितली. तिचे थोरले दीर दोरखंडाच्या कारखान्याचे मालक होते. एकुलती मुलगी वारली, जावई राहिला. तोच कारखान्याचा व्यवस्थापक. मालकांनी महिन्याभरापूर्वी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की माझ्यामागे कारखाना पुतण्याचा. म्हणजे तिच्या मुलाचा.

"आणि मुलाला तो नको होता," आई म्हणाली. "त्याला परगावी जहाजावरची नोकरी मिळाली होती. तो त्या रात्री काकांना हेच सांगायला गेला."

"आणि?"

"काका जमिनीवर पडले होते. गळ्यात कारखान्याचाच दोर. हा वेडा पोरगा तो सोडवत बसला, तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी काय पाहिलं? दोर आणि त्यावर माझ्या मुलाचे हात."

"डॉक्टर कसे आले?"

"मालक रोज रात्री दहाच्या ठोक्याला त्यांना फोन करायचे. आज पोट कसं, झोप कशी, सगळं सांगायचे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे ते. त्या दिवशी बोलता बोलता आवाज घुसमटला आणि फोन पडला. डॉक्टर तसेच धावत निघाले."

"म्हणजे खून दहाला. यात शंकाच नाही," भावजी म्हणाले.

"जावई तेव्हा कुठे होते?" वहिनींनी विचारलं.

आईचा आवाज चढला. "तेच तर! तो म्हणतो, मी कारखान्याच्या ऑफिसात होतो. आणि हे पहारेकरी म्हणतात, हो, दहा वाजता मी त्यांच्यासमोर उभा होतो! मी यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, एवढंच म्हणा की ऑफिसात कोणी दिसलं नाही. एक वाक्य! माझा मुलगा यांच्या खांद्यावर बसून वाढलाय. पण हे नाही म्हणाले."

जिन्यावरून आवाज आला, "खोटं कसं बोलू, बाई?"

"तुमच्या खरेपणाला आग लागो!" आई ओरडली आणि रडायला लागली.

वहिनींनी पहारेकऱ्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. भावजींना त्याचा चेहरा मुळीच आवडला नाही. इतका सरळ चेहरा बनावटच असणार, असं त्यांचं मत पडलं.

"त्या रात्रीचं संध्याकाळपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"सांगण्यासारखं काही नाही. आठला कामावर आलो…" तो थांबला.

वहिनींनी मान वर केली. "आठला?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "जरा उशीर झाला. जावईसाहेब म्हणाले, अर्धा तास उशीर केलात, वय झालं वाटतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला फार लागलं ते. मी कुणाला बोललो नाही."

"उशीर कशाने झाला?"

"तेच कळत नाही. रोजच्यासारखा जेवलो, समोरच्या दुकानदाराने फळ्या लावल्या तसा निघालो. पण घड्याळात साडेआठ होऊन गेले होते. घड्याळ काय खोटं सांगणार?"

"कुठलं घड्याळ?"

"पहाऱ्याचं, फेरीला गळ्यात असतं ते. साहेबांनी गळ्यात घातलं तेव्हा पाहिलं."

"मग?"

"मग फेऱ्या. दर तासाला एक. प्रत्येक ठिकाणची किल्ली त्या घड्याळात फिरवायची. पहिली किल्ली ऑफिसातली. दहाला आत गेलो, साहेब टेबलाशी होते. म्हणाले, आलात का. मी किल्ली फिरवली आणि पुढे गेलो. पुढच्या फेरीला, अकराची किल्ली फिरवायला ऑफिसाच्या पायरीवर आलो, तोच साहेब धावत बाहेर आले. मालक गेले म्हणाले आणि पळत सुटले. मी तिथेच मटकन बसलो. मग उठून फेरी पुरी केली. काम होतं ना."

"आणि सकाळी?"

"शेवटची फेरी करून घड्याळ खुंटीला टांगलं आणि केबिनमधे बसून राहिलो. सातचा भोंगा वाजेचना. त्या दिवशी तो उशिरा वाजल्यासारखा वाटला. म्हटलं, मालक गेले, आता कारखान्याचं सगळंच असं चालणार."

 हातातलं पेन वहिनींनी टोपण न लावताच पिशवीत टाकलं. भावजींना हे लक्षण माहीत होतं. पिशवीला शाईचा डाग पडणार म्हणून ते हळहळले.

"कारखाना बघू या," वहिनी म्हणाल्या.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरताच डांबराचा वास नाकात भरला. एका बाजूला दोर वळायची लांबच लांब शेड होती. कामगार कमरेला अंबाडीचे पेळू गुंडाळून उलट्या पावली चालत होते आणि त्यांच्या बोटांतून सूत निघत होतं. जमिनीवर, तुळयांवर, खिडक्यांवर सगळीकडे अंबाडीची कुसं साचली होती. एक ठिणगी पडायचा अवकाश, की सगळं गेलं. म्हणूनच इथे रात्री डोळ्यांत तेल घालून पहारा लागायचा.

पहारेकऱ्याची केबिन फाटकाला लागून होती. आत एक बाक, एक कंदील, एक खुंटी. भिंतीवर एक मोठा खिळा होता आणि त्याच्याखाली ताटाएवढा गोल भाग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता.

"इथे काय होतं?" भावजींनी विचारलं.

"भिंतीवरचं घड्याळ. चांगलं चालायचं," पहारेकरी म्हणाला. "पण साहेबांनी खुनाच्या आदल्या दिवशीच उतरवून साफ करायला पाठवलं. अजून आलं नाही."

जावई ऑफिसात होते. माणूस शांत, नीटनेटका, बोलायला अदबशीर. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि मुलाच्या आईकडे पाहून मान खाली घातली.

"काकू, मला तुमच्याइतकंच दुःख आहे. पण मी तरी काय करू? मी इथे होतो. हे मी नाही, घड्याळ सांगतंय."

"ते घड्याळ बघायला मिळेल?" वहिनींनी विचारलं.

जावयांनी कपाटातून ते काढलं. चामड्याच्या जाड म्यानात बसवलेलं, वाटीएवढं, जडशीळ. गळ्यात घालायला पट्टा. वर काचेतून काटे दिसत होते आणि बाजूला किल्लीचं भोक होतं.

"जुनं आहे, पण पक्कं," जावई म्हणाले. त्यांच्या आवाजात नकळत कौतुक आलं. "कारखान्यात सहा ठिकाणी भिंतीला साखळीने एकेक किल्ली बांधलेली आहे. ही बघा ऑफिसातली. हिच्या टोकावर एकचा आकडा उठावाने कोरलाय. पहारेकऱ्याने इथे यायचं, ही किल्ली घड्याळात घालून फिरवायची. आत कागदाची चकती काट्यांबरोबर फिरत असते. तिच्यावर त्या वेळेसमोर एकचा ठसा उमटतो. डांबराच्या खोलीत दोनचा, गोदामात तीनचा. सकाळी चकती काढली, की कोण कुठे किती वाजता होता ते समोर."

"पहारेकऱ्याने झाकण उघडून चकतीशी खेळ केला तर?" भावजींनी डाव टाकला.

जावई हसले. "झाकणाची किल्ली फक्त माझ्याकडे असते. आणि कुणी हत्याराने उघडलंच, तर आतली सुरी चकतीच्या कडेला चीर पाडते. झाकण उघडलं किंवा लावलं की चीर पडणारच. लपवता येत नाही."

"काटे मागेपुढे करायचे असतील तर?"

"त्यालाही झाकण उघडावं लागतं. रोज सकाळी मी चकती काढतो आणि काटे बरोबर लावतो, संध्याकाळी नवी चकती घालतो."

वहिनींनी घड्याळ कानाला लावलं, मग आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही अगदी बरोबर चालत होती.

"त्या संध्याकाळी चकती किती वाजता घातलीत?"

"आठला. नेहमीप्रमाणे."

"या ऑफिसला मागचं दार आहे?"

"आहे. कालव्याकडे उघडतं." जावयांचा आवाज जराही हलला नाही. "तिथून मालकांचं घर दहा मिनिटांवर आहे, हे मी इन्स्पेक्टरांना आपणहून सांगितलं. पण दहाला मी या खुर्चीवर होतो."

जुन्या चकत्या खिडकीशी एका तारेत ओवून ठेवल्या होत्या. वहिनींनी त्या हाताळल्या, एकेक उजेडात धरली आणि पुन्हा सोडून दिली. बाहेर आल्यावर भावजी हलक्या आवाजात म्हणाले, "माणूस बरा वाटतो. मला त्या म्हाताऱ्याचाच संशय येतो. जावयाने त्याला फितवलं असणार."

"भावजी, बरा माणूस एकीकडे आणि तोच फितवणारा दुसरीकडे, असं एका वाक्यात कसं बसवलंत?"

भावजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

इन्स्पेक्टर चिडलेलाच होता. खुनी हातात सापडलेला असताना कुणी उकरून काढलेलं त्याला खपत नसे. पण वहिनींनी त्याच्या अनेक साक्षी कोर्टात टिपल्या होत्या, म्हणून त्याने खुर्ची दिली.

"हे बघा," त्याने चकती टेबलावर ठेवली. "हा एकचा ठसा, बरोबर दहासमोर. हा पुढचा अकरासमोर. आणि कडेला बघा. दोनच चिरा. रात्री आठची, चकती घातली तेव्हाची. सकाळी साडेसातची, काढली तेव्हाची. मधे एकही नाही. म्हणजे रात्रभर घड्याळाला कुणी हात लावला नाही."

"ही चकती तुमच्यासमोर काढली?"

"माझ्यासमोर म्हणजे काय, माझ्या हातावर! जावई रात्रभर मृताच्या घरी होता. सकाळी मी त्याला थेट तिथूनच कारखान्यात नेलं, मधे कुठे थांबू दिलं नाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उघडा. नेमका तेव्हाच तो भोंगा सुरू झाला. कानठळ्या बसल्या माझ्या. चकती द्या, हे मला दोनदा ओरडून सांगावं लागलं."

"आणि घड्याळ बरोबर होतं का, ते पाहिलंत?"

"वहिनी, मी काय आज पोलीस झालो? जावयाने चकती काढून दिली, झाकण लावलं. मग मी घड्याळ हातात घेऊन माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता."

"छान," वहिनी म्हणाल्या. "भोंगा कोण वाजवतं?"

"बॉयलरवाला. टेलिफोनवर वेळ विचारून वाजवतो, म्हणून सगळं गाव त्यावर घड्याळं लावतं. का?"

"सहज."

डॉक्टरांना अजून धक्का ओसरला नव्हता. मालक त्यांचे बालमित्र होते.

"ठीक दहाला फोन आला," ते म्हणाले. "आमच्या घड्याळाचे ठोके पडत होते. पाचेक वाक्यं बोलले, आणि मग तो आवाज... मी वीस मिनिटांत पोचलो. पोर दोराला धरून बसलं होतं. आधी पोलिसांना फोन केला, मग साडेदहाला कारखान्यात जावयाला."

"साडेदहाच कशावरून?"

"मी मृत्यूची वेळ लिहीत होतो, वहिनी. घड्याळाकडे नजर लावूनच बसलो होतो. जावयाने लगेच उचलला आणि फोन ठेवून तसाच पळत निघाला. पावणेअकराच्या आत तो घरात होता. बिचारा धापा टाकत होता."

रस्त्यात भावजींनी जाहीर केलं, की झालं, जावई सुटला. साडेदहाला जो ऑफिसात फोन उचलतो, तो दहाला ऑफिसातच असणार.

"भावजी, तुम्ही आज एक फार उपयोगाचं काम करणार आहात," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना दुपारी कारखान्यात बोलावून आणा. इन्स्पेक्टरांना म्हणावं, चकती घेऊन या."

दुपारी ऑफिसात सहा खुर्च्या लागल्या. पहारेकरी बसायला तयार नव्हता, तो दाराशी उभा राहिला. मुलाच्या आईने त्याच्याकडे पाठ केली. परवाच्या तारखेची धास्ती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"एक साधी गोष्ट विचारते," वहिनींनी सुरुवात केली. "जावईसाहेब, डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तुम्ही किती वेळाने ऑफिसातून निघालात?"

"लगेच. एक मिनिटही थांबलो नाही."

"डॉक्टर, फोन किती वाजता केलात?"

"साडेदहा."

"म्हणजे साडेदहाला साहेब ऑफिसच्या पायरीवर. पहारेकरीकाका, ते पायरीवर तुम्हाला भेटले तेव्हा तुमच्या गळ्यातल्या घड्याळात किती वाजले होते?"

"अकरा," पहारेकरी म्हणाला. "चकतीवर ठसा आहे की."

 भावजींनी बोटांवर हिशोब सुरू केला आणि मधेच सोडून दिला.

"एकच क्षण," वहिनी म्हणाल्या. "जगात साडेदहा, आणि या घड्याळात अकरा. सगळे दहाच्या ठशावर खिळले होते. अकराच्या ठशाकडे कुणी पाहिलंच नाही, कारण खून होऊन गेला होता. घड्याळ अर्धा तास पुढे होतं. मग दहाचा ठसा खरोखर कधी उमटला?"

"साडेनऊला!" इन्स्पेक्टर उभाच राहिला.

"साडेनऊला काकांनी साहेबांना इथे पाहिलं, ते शंभर टक्के खरं. काका पुढे गेले. साहेब मागच्या दाराने कालव्यावरून घरी गेले आणि मालक फोनला बसायची वाट पाहत थांबले. रोज दहाच्या ठोक्याला फोन, हे घरात सगळ्यांना माहीत. खुनाची वेळ पक्की ठरायला हवी होती त्यांना. ती डॉक्टरांनीच ठरवून दिली."

जावई हसले. हसणं जरा कोरडं होतं. "वहिनी, म्हाताऱ्या माणसाची गफलत झाली असेल. तेवढ्यावरून..."

"गफलत? ठसा तर त्यांच्या डोक्यात नाही, चकतीवर आहे. शिवाय त्या संध्याकाळी काका रोजच्या वेळेला घरून निघाले आणि इथे आल्यावर तुम्ही त्यांना अर्धा तास उशिराचं ऐकवलंत. त्यांना ते इतकं लागलं, की त्यांनी घड्याळावर संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला. केबिनमधलं घड्याळ तुम्ही आधीच उतरवलं होतं. ताडून बघायला दुसरं काहीच नव्हतं. सकाळी काकांना भोंगा उशिरा वाजल्यासारखा वाटला. भोंगा वेळेवर होता."

"घड्याळ जुनं आहे," जावई म्हणाले. "जुनी घड्याळं पुढे जातात. त्यात माझा काय दोष?"

"हेच म्हणाल असं वाटलं होतं. इन्स्पेक्टर, चकती दाखवा. सकाळची चीर कुठे आहे?"

"साडेसातला."

"ती पडली तेव्हा काय ऐकू येत होतं तुम्हाला?"

इन्स्पेक्टरने चकती डोळ्यांजवळ धरली. मग तो सावकाश म्हणाला, "भोंगा. सातचा भोंगा."

"त्या तारेतल्या सगळ्या चकत्या मी पाहिल्या. सकाळची चीर रोज सातला आहे. फक्त या चकतीची नाही. त्या दिवशी यांचा बेत वेगळा असणार. भोंग्याच्या अर्धा तास आधी येऊन झाकण उघडायचं, म्हणजे चीर नेमकी सातवर पडली असती. पण तुम्ही त्यांना मृताच्या घरून सोडलंच नाहीत, आणि इथे आणून भोंग्याच्या आवाजात उघडायला लावलंत."

"पण मी ताडून पाहिलं होतं ना!" इन्स्पेक्टर कळवळून म्हणाला. "बरोबर होतं!"

"कधी पाहिलंत? यांनी झाकण लावल्यावर. सकाळी चकती काढताना काटे लावायचेच असतात, यांनी ते तुमच्या नाकासमोर अर्धा तास मागे घेतले." वहिनी जावयांकडे वळल्या. "घड्याळ आपलं आपण पुढे गेलं असेल, तर तुम्हाला ते त्या क्षणी दिसलं. तुमच्या सासऱ्याचा खून झालाय, पोलीस समोर उभा आहे, वेळेवरून एका पोराचा जीव टांगणीला लागलाय. आणि तुम्ही काटे गुपचूप मागे घेतलेत. इन्स्पेक्टरांना एक शब्द का नाही सांगितलात?"

जावयांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"झाकणाची किल्ली एकच, आणि ती तुमच्याकडे. रात्रभरात तिसरी चीर नाही, म्हणजे घड्याळ पुढे केलं ते चकती घालतानाच, खरे साडेसात असताना काटे आठवर ठेवून, तुमच्याच हाताने. ती सुरी पहारेकऱ्याला पकडायला बसवली आहे, असंच तुम्ही इतकी वर्षं समजत आलात. किल्लीवाल्याचीही वेळ ती टिपते, हे तुमच्या लक्षातच राहिलं नाही."

जावयांनी हळूच मागच्या दाराकडे पाहिलं. त्या दाराला पाठ टेकून भावजी उभे होते. ते तिथे वाऱ्यासाठी उभे होते, पण नंतर त्यांनी हे कधीही कबूल केलं नाही.

"हा कारखाना मी उभा ठेवला," जावई अखेर म्हणाले. आवाज अजूनही खालच्या पट्टीतच होता, पण आता त्यात विष होतं. "बायको गेल्यावरही मी इथेच राबलो. आणि म्हाताऱ्याने तो दिला कुणाला? ज्याला नको आहे त्याला! जेवताना, मीठ मागावं तसं सांगून टाकलं."

इन्स्पेक्टरने त्यांचा दंड धरला. त्यांनी विरोध केला नाही.

तो त्यांना घेऊन गेला. डॉक्टर मान खाली घालून बाहेर गेले. मुलाची आई खुर्चीतच बसून राहिली.

"आज संध्याकाळपर्यंत सोडतील त्याला," वहिनी तिला म्हणाल्या. "आणि बाई, एक सांगते, रागावू नका. यांनी तुमचं ऐकून ते एक वाक्य म्हटलं असतं ना, तर वकिलाने त्यांना खोटं ठरवलं असतं. मग त्यांच्या अकरावर कुणी विश्वास ठेवला असता? त्यांच्या उशिरावर? भोंग्यावर? सगळं त्यांच्या शब्दावर उभं होतं. तो शब्द मोडला असता, तर तुमचा मुलगा गेला होता."

आईने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. पहारेकरी दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसत होता.

"मी तुम्हाला काय काय बोलले," ती म्हणाली.

"आई आहात तुम्ही."

"तुम्ही माझ्या तोंडावर नाही म्हणालात. तेव्हा मला वाटलं, या माणसाला काळीज नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली.  "नाही म्हणून घरी गेलो, बाई, आणि रात्रभर तुमचं तेच वाक्य घोकत बसलो. ऑफिसात कोणी दिसलं नाही. ऑफिसात कोणी दिसलं नाही. कोर्टात म्हणायचंच ठरवलं होतं मी. पण बायकोला म्हणून दाखवायला गेलो, तर दर वेळेला तोंडातून साहेब होते, असंच यायचं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग रडता रडताच तिला हसू फुटलं.

"बरं झालं, तुम्हाला पाठांतर जमत नाही," ती म्हणाली. तिने डोळे पुसले आणि उठायला त्याच्यापुढे हात केला. "चला. त्याला आणायला आपण दोघं जाऊ."